गोळी सोडताना

आजचे भाषण एका छोट्याशा गोळीविषयी आहे. २०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे थोरले भाऊ गेले. त्यानंतर कविता तर सुटलीच, पण मुखेडच्या बाजारातून भाजी आणणेही मला जड होऊ लागले. नांदेडच्या डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले आणि पॅरोक्सेटिन नावाची गोळी लिहून दिली. दीड-दोन महिन्यांत मी पुन्हा माणसांत आलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे ऐकून कोणी या औषधांना नावे ठेवू नयेत.

मग २०२३ चा रमजान आला. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची होती, आणि रोज्यात नाश्ता कुठला! सहरीच्या वेळी घेता आली असती. पण मनात आले, आता बरे वाटते आहे, सोडूनच देऊ. आजारी माणसाला रोज्याची सवलत असते हे मला ठाऊक होते. अडचण एवढीच की मी स्वतःला आजारी समजत नव्हतो.

चौथ्या दिवशी रस्त्यात मान वळवली आणि डोक्यात विजेचा करंट लागावा तसा झटका बसला. डोळे इकडून तिकडे फिरवले की पुन्हा तेच. चक्कर, मळमळ, रात्रभर भलभलती स्वप्ने. तरावीहच्या नमाजात एकाएकी रडू कोसळले. शेजारच्यांना वाटले, भक्तीचे अश्रू आहेत. एका नातेवाइकाने नजर लागली म्हटले, दुसऱ्याने उपासाची कमजोरी. मला मात्र वाटले की भाऊ गेल्यानंतरचे ते दिवस परत आले, आणि आता ही गोळी जन्माची मागे लागली.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला : "आजारात असे झटके कधी येत होते का?" कधीच नव्हते. ते म्हणाले, "मग हा आजार परतलेला नाही. औषध एकदम तोडल्याचा हा त्रास आहे." गोळी पुन्हा सुरू केली आणि दोन-तीन दिवसांत झटके थांबले. हे पूर्वीपासून माहीत आहे का, असे विचारल्यावर ते हसून म्हणाले, "फार जुने आहे." मी इतिहास घेऊन बी. ए. झालेला माणूस. 'फार जुने' म्हणजे नेमके किती, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना.

शोध गेला तो आपल्याच देशातल्या एका मुळीपर्यंत. सर्पदंशावरील उपचारांसाठी आमचे मुखेड डॉ. दिलीप पुंडे यांच्यामुळे सर्वदूर माहीत झाले आहे, त्यामुळे सर्पगंधा हे नाव वाचताच मी थबकलो. (विषावर ही मुळी उपयोगी नाही. साप चावला तर तडक दवाखानाच गाठावा.) पण वेडावरचा आणि झोप न येण्यावरचा उपाय म्हणून तिचा लौकिक जुना होता. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व रक्तदाब यांवरील तिच्या गुणांविषयी लिहिले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी या मुळीतून एक द्रव्य वेगळे काढले आणि आपले मार्गदर्शक हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' म्हटले. वैद्य आणि हकीम एकाच मुळीपाशी भेटले याचे मला फार अप्रूप वाटले. पुढे १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये याच मुळीतून रेसरपीन काढले गेले. ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी झाल्या. हा संबंध पुढे वादात सापडला, पण मेंदूतली रसायने आणि मनाची अवस्था यांचे नाते शोधण्याची वाट त्यातून मोकळी झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाचे रुग्ण एका नव्या औषधाने एकदम उल्हसित झालेले दिसले. आणि १९५७ मध्ये रोलांड कून या स्विस डॉक्टरांनी इमिप्रामीन हे औषध नैराश्यावर गुणकारी असल्याचे जाहीर केले. झुरिकच्या जागतिक परिषदेत त्यांचे भाषण ऐकायला जेमतेम डझनभर माणसे होती, म्हणतात. आमच्या कविसंमेलनांची आठवण झाली.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. इमिप्रामीन १९५८ मध्ये बाजारात आले आणि १९५९ मध्येच, ते बंद केल्यावर त्रास होतो अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या क्रेमर, क्लाइन आणि फिंक यांनी मळमळ, डोकेदुखी, चक्कर अशी लक्षणे सविस्तर नोंदवली. म्हणजे औषध आणि त्याच्या सुटण्याचा त्रास यांत फार तर वर्षा-दोन वर्षांचे अंतर. मग मुखेडला ही गोष्ट पोचायला साठ वर्षे का लागली?

१९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मंजुरी मिळाली आणि नव्या पिढीच्या गोळ्यांचे युग सुरू झाले. फ्लुओक्सेटिन शरीरात दीर्घकाळ रेंगाळते, त्यामुळे ते सोडताना त्रास कमी. पॅरोक्सेटिन लवकर निघून जाते, म्हणून त्याचा झटका मोठा. १९९६ च्या डिसेंबरात फिनिक्स येथे औषध कंपनीच्या पैशाने तज्ज्ञांची बैठक झाली आणि या त्रासाला 'डिसकंटिन्युएशन सिंड्रोम' हे नाव चिकटले. 'विदड्रॉवल' म्हटले की दारू-अफू आठवते, तो शब्द टळला. या गोळीची तल्लफ येत नाही, तेव्हा फरक करण्यात तथ्य होते. पण शब्दांशी माझा रोजचा व्यवहार आहे. गुळगुळीत नावाखाली माणसाचे दुखणे हलके होते, हे मी जाणतो. त्रास किरकोळ, आठवडाभरात आपोआप जातो, असे मग ब्रिटनची सरकारी मार्गदर्शिकाही सांगत राहिली. तो मजकूर बदलला २०१९ च्या ऑक्टोबरात, आणि तोही रुग्णांनी वर्षानुवर्षे ओरड केल्यावर.

त्याच वर्षी मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांचा लेख आला. होरोविट्झ स्वतः डॉक्टर, आणि गोळी सोडताना स्वतः पोळलेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मात्रा वीसवरून दहा केली तरी मेंदूवरचा परिणाम थोडाच घटतो, पण शेवटच्या पाचवरून शून्यावर आलात की एकदम खड्डा. म्हणून शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान हव्यात. माझे डॉक्टर नेमके हेच करत होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळ्यांनाच असे होत नाही. २०२४ मध्ये जर्मन संशोधकांनी वीस हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र तपासली. गोळी सोडणाऱ्या साधारण तिघांत एकाला लक्षणे जाणवली. पण औषध नसलेली खोटी गोळी सोडणाऱ्यांतही सहांत एकाला ती जाणवलीच. तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला. आता त्या पस्तिसाव्याला आकडा सांगून काय उपयोग?

माझी मात्रा उतरवायला अकरा महिने लागले. आधी अर्धी गोळी, मग पाव, मग पावाचाही तुकडा. औषध दुकानदाराने ब्लेडने कापून दाखवले, पुढे ते काम पत्नीने घेतले. देव्हाऱ्यातले सोने तोलावे तशी ती पाटावर बसून तुकडे मोजायची. एकदा मी उतावीळपणे पायरी गाळली, तर तो करंट पुन्हा आला. मुकाट्याने एक पायरी वर चढलो आणि महिनाभर तिथेच थांबलो.

शेवटचा तुकडा घेतला त्याला आता बरेच दिवस झाले. पट्टीत दोन गोळ्या उरल्या आहेत. मी टाकून द्यायला निघालो तेव्हा पत्नीने त्या माझ्या हातून काढून घेतल्या आणि भावाच्या चष्म्याशेजारी कपाटात ठेवल्या.