सांगणारीचे नाव

माथेरानचा इतिहास सांगू लागले की जो तो 1850 पासून आरंभ करतो. त्या साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट हा डोंगर चढून आले. पुढे 1907 साली पीरभॉयांची छोटी आगगाडी नेरळहून वर आली. मीही वर्गात हेच शिकवतो. परंतु मागच्या बाकावर उतरणीवरच्या ठाकूरवाडीतला एखादा मुलगा बसलेला असतो, आणि त्याचे पूर्वज तर मॅलेटसाहेबांच्या आधीपासून हे डोंगर तुडवीत होते! त्यांच्या इतिहासाला दप्तर नाही. तो गाण्यांत आहे, गोष्टींत आहे.

पंधरा वर्षांपूर्वी करवंदे विकणारी एक ठाकरीण आजी शाळेच्या पडवीत विसाव्याला बसे. एकदा तिने लग्नातले एक गाणे म्हटले. मला कादंबरीसाठी ते हवे होते. मी लगेच वही काढली. मास्तरकीची खोड अशी, की लिहिता लिहिता तिचे शब्द 'शुद्ध' करीत गेलो. नाव मात्र विचारले नाही. आजी म्हटले की झाले, अशी माझी समजूत!

नाव लिहिण्याचे महत्त्व दीडशे वर्षांपूर्वीच एका तरुणीने ओळखले होते. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर 1865 च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांची कन्या मेरी बरोबर होती. अ‍ॅना लिबराटा डिसूझा ही आया तिला आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगे. मेरीने त्या 1868 साली 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने छापल्या, आणि त्यांच्याबरोबर अ‍ॅनाने सांगितलेली तिची स्वतःची जीवनकथाही छापली.

आपल्याकडेही असे कष्टाळू लोक झाले. ना. गो. चापेकर न्यायाधीश होते. त्यांनी आपल्याच गावाचा कसून अभ्यास केला आणि 1933 साली 'आमचा गाव बदलापूर' प्रसिद्ध केले. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतल्या ठाकरांवर ग्रंथ लिहिला. तो 1960 साली निघाला. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' सिद्ध केले. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात मला मोठी वाटते ती गोष्ट ही, की गरीब डोंगरी संघटनेतल्या खेड्यापाड्यांच्या बायाच त्या कामात उतरल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदले गेले.

यंदा त्या आजीची सून मुलीच्या दाखल्यासाठी शाळेत आली. मी मोठ्या हौसेने वही काढून गाणे वाचून दाखवले. ती पदर तोंडाला लावून हसली.

"गुरुजी, हे आमचं नाय. हे पुस्तकातलं हाय."

मी पाटीवरच्या चुका खोडणारा माणूस. त्या दिवशी माझीच चूक मला दिसली. आजी तर केव्हाच गेली होती. मग सुनेने पायरीवर बसून तेच गाणे म्हटले आणि मी ते जसेच्या तसे उतरवून घेतले. नाव विचारले. सासूचे आधी, मग तिचे. दोन्ही नावे वहीत लिहिली आहेत. येथे छापायची तर त्या घरची परवानगी हवी, म्हणून छापीत नाही.

लोककलेचे रीतसर शिक्षण हवे असेल त्याला मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. पण पहिला धडा घरीच मिळतो. भाऊबीजेला आत्या, मावश्या, आज्या जमतील. फराळाची ताटे उचलली की एखादीला गाणे म्हणायला सांगावे. ती म्हणेल तसे लिहावे, एक काना-मात्राही सुधारू नये, आणि खाली प्रथम तिचे नाव घालावे.