गिअरबॉक्समधील देवमासा

१/ कोकण किनाऱ्यावर ‘व्हेलच्या उलटी’ची तस्करी पकडल्याची बातमी अधूनमधून वाचावयास मिळते. ज्या प्राण्याच्या आतड्यात हे अंबर तयार होते, त्या स्पर्म व्हेलचे तेल एके काळी अमेरिकेतील मोटारगाड्यांच्या गिअरबॉक्समधून फिरत होते, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. रविवारी सकाळी गाडीखाली आडवे होऊन गिअरबॉक्सचे तेल बदलणारा अमेरिकी गृहस्थ आणि महासागरातील हा प्राणी यांचे नाते कसे जुळले आणि कसे तुटले, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आरंभ मोटारीपासून नव्हे, जहाजापासून होतो. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते. जहाजाचा पंखा मात्र संथ फिरला तरच पाणी नीट कापतो. हा वेग उतरवण्यासाठी स्टेटिन येथील व्हल्कन गोदीतील जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने १९०५ साली एका युक्तीचे पेटंट घेतले. दोन पात्यांची चाके समोरासमोर ठेवायची आणि मध्ये द्रव भरायचा. एक चाक फिरले की द्रव दुसऱ्यावर आदळतो आणि तेही फिरू लागते. दोन्ही चाकांचा एकमेकांस स्पर्श होत नाही. शक्ती वाहून नेतो तो केवळ द्रव.

३/ हीच कल्पना जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी गाडीत आणली. १९३९ साली जाहीर झालेल्या आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलसोबत मिळू लागलेल्या ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्समध्ये क्लचचे पेडल नव्हतेच. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात तो एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात बसवण्यात आला, आणि युद्धानंतर ‘रणांगणावर पारखलेला’ हा शिक्का विक्रीच्या कामी आला.

४/ आता या गिअरबॉक्समधील तेलाचा विचार करावा. साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचे काम मुख्यतः झीज रोखण्याचे. येथे तेच तेल इंजिनाची शक्ती पुढे नेते, दाब निर्माण करून गिअर बदलते, उष्णता वाहून नेते आणि वर वंगणही करते. एका नोकरावर घरातील सगळी कामे टाकावीत, तसा हा प्रकार.

५/ त्यातही एक अंतर्विरोध आहे, आणि पुढचा सारा इतिहास त्यातून घडला. दातेरी चाकांना तेल निसरडे हवे असते. पण त्याच तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्यांनी एकमेकींस घट्ट धरणे आवश्यक असते. तेल फार निसरडे असेल तर चकत्या घसरतात आणि जळतात. फार कोरडे असेल तर गिअर बदलताना गाडीला धक्का बसतो. चकत्या आधी अलगद आणि मग घट्ट धराव्यात, यासाठी तेलात एखादा मध्यस्थ घालावा लागतो.

६/ तो मध्यस्थ स्पर्म व्हेलच्या डोक्यात आणि चरबीत सापडला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे तेल नव्हेच, तो द्रवरूप मेण आहे. शेंगदाणा किंवा खोबरे यांच्या तेलाहून त्याची घडण वेगळी असते. ते उष्णतेत टिकते, थंडीत लवकर गोठत नाही आणि धातूच्या पृष्ठभागास चिकटून पातळ थर धरते. गंधकाशी संयोग घडवून ते खनिज तेलात मिसळले की गिअरबॉक्सला हवे तसे तेल मिळे.

७/ रॉकेलने देवमासे वाचवले, असे एक वाक्य लोकप्रिय इतिहासात वारंवार भेटते. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे खनिज तेलाची विहीर लागली, दिव्यांना रॉकेल मिळाले आणि शिकार ओसरली, अशी ती कथा. ती जेमतेम अर्धी खरी आहे. १९६० च्या दशकात यांत्रिक जहाजे आणि स्फोटक भाले घेऊन दरवर्षी वीस हजारांहून अधिक स्पर्म व्हेल मारले जात होते. दिव्यातून सुटलेला प्राणी यंत्रात सापडला होता.

८/ जनरल मोटर्सचे हे तेल आरंभी कंपनीच्या विक्रेत्यांकडेच मिळे. १९४९ साली कंपनीने ‘टाइप ए’ नावाचे मानक जाहीर केले आणि कोणत्याही तेल कंपनीला ते बनवण्याची वाट मोकळी झाली. नमुना शिकागोच्या आर्मर संशोधन संस्थेच्या चाचणीत उतरला की डब्यावर छापण्यासाठी क्रमांक मिळे. डब्यावरचा तो क्रमांक हीच सामान्य ग्राहकाची हमी होती. गिअरबॉक्सचे तेल पेट्रोल पंपावर आणि सुट्या भागांच्या दुकानात पोहोचले, ते यामुळे.

९/ रंगाची गोष्टही येथलीच. तेलात लाल रंग मुद्दाम घातला जातो. गाडीखाली डाग पडला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा, हे पाहताक्षणी कळावे, एवढाच त्याचा हेतू. लालपणाचा गुणवत्तेशी संबंध नाही. तेल तपकिरी होऊन करपल्याचा वास येऊ लागला, तर मात्र आत चकत्या जळत आहेत असे समजावे.

१०/ १९६० च्या दशकातील अमेरिकी गृहस्थ हे काम घरी कसे करी? गाडी थोडी चालवून तेल कोमट करायचे. गाडी उचलून भक्कम स्टँडवर ठेवायची. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरणारे जिवाशी खेळत. मग गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरचे बोल्ट एका बाजूने सैल करीत जायचे, म्हणजे तेल त्या बाजूने परातीत उतरे. घाई करणाऱ्याच्या अंगावर ते सगळे एकदम येई. चेंबरच्या तळाशी साचलेला काळसर गाळ पाहायचा. बारीक भुकटी ही नेहमीची झीज. धातूचे तुकडे दिसले तर पुढचा खर्च मोठा.

११/ फिल्टर बदलायचा, नवे पॅकिंग लावायचे, बोल्ट हलक्या हाताने आळीपाळीने कसायचे. जोर लावला की पत्र्याचे चेंबर वाकते आणि गळती कायमची मागे लागते. मग डिपस्टिकच्या नळीतून लांब नरसाळ्याने नवे तेल भरायचे, इंजिन चालू करून ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थानी फिरवायचा आणि तेल गरम झाल्यावर पातळी पाहायची. पातळी चढली तर अधिक चांगले, हा समज घातक. जास्तीच्या तेलात चाके घुसळतात, फेस होतो, दाब पडतो आणि चकत्या घसरू लागतात.

१२/ एवढे करूनही जुने तेल सगळे निघत नसे. बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राही. जुन्या अनेक गाड्यांत कन्व्हर्टरलाही तेल सोडण्याचा बोल्ट असे. पुढे अनेक कंपन्यांनी तो काढून टाकला. कारखान्यात काही पैसे वाचले, आणि घरच्या कारागिराच्या हातून अर्धे काम निसटले.

१३/ दुसरे संकट बाटलीच्या निवडीत होते. १९६७ साली जनरल मोटर्सने ‘डेक्सरॉन’ आणले आणि त्याच वर्षी फोर्डने ‘टाइप एफ’. पहिल्यात घर्षण मवाळ करणारी द्रव्ये होती, दुसऱ्यात ती मुद्दाम वगळलेली. दोन्ही लाल, दोन्ही एकाच फळीवर मांडलेली. फोर्डच्या गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन ओतले की चकत्या घसरत. उलट केले की धक्के बसत. १९७७ पासून फोर्डनेच काही गिअरबॉक्सना मवाळ तेल लागू केले, तेव्हा ‘फोर्ड म्हणजे टाइप एफ’ हा पाठ केलेला नियमही कोलमडला. घरी तेल बदलणाऱ्यास पुस्तिका वाचण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

१४/ याच सुमारास देवमाशाची कथा कलाटणी घेते. १९६९ च्या संरक्षण कायद्यान्वये १९७० साली अमेरिकेने स्पर्म व्हेलसह आठ जातींचे मोठे देवमासे संकटग्रस्त ठरवले आणि त्यांच्या तेलाची आयात थांबत गेली. देशातील व्हेल शिकारीचे अखेरचे केंद्र कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे होते. ते १९७१ साली बंद पडले. २८ डिसेंबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संकटग्रस्त प्रजाती कायद्यावर स्वाक्षरी केली आणि दारे कायमची मिटली.

१५/ तेलाच्या कारखान्यांपुढे आता पर्याय शोधण्याचे काम होते. देवमाशाच्या तेलाविना बनलेले ‘डेक्सरॉन-टू’ त्याच काळातील. निसर्गाने एकाच पदार्थात दिलेले गुण प्रयोगशाळेत चार निरनिराळ्या रसायनांतून जमवावे लागले, आणि ही जुळवाजुळव पहिल्या झटक्यात साधली नाही.

१६/ अडचण कोठे उद्भवावी? गिअरबॉक्सचे गरम तेल थंड करण्यासाठी ते रेडिएटरमधील एका नळीतून फिरवतात. त्या नळीच्या झाळलेल्या सांध्यांना नव्या तेलाची एक आवृत्ती कुरतडू लागली. सांधा गळला की रेडिएटरचे पाणी गिअरबॉक्समध्ये शिरते, लाल तेलाचे दुधाळ गुलाबी मिश्रण होते आणि चकत्यांवरील कागदी अस्तर फुगून सुटते. असा गिअरबॉक्स उघडून पुन्हा बांधण्यावाचून इलाज नसतो. शेवटी गंज रोखणारे द्रव्य घालून ‘डेक्सरॉन-टू-डी’ आणावे लागले.

१७/ या बिघाडांचे खापर देवमासे वाचवणाऱ्या कायद्यावर फोडणारे तेव्हा होते, आजही आहेत. ते न्याय्य वाटत नाही. संख्येने घटत चाललेल्या प्राण्यावर अवलंबून असलेला उद्योग पर्यायाची तयारी आधीच करू शकला असता. तथापि गाडी दुरुस्तीचे बिल भरणाऱ्या सामान्य मालकास हा युक्तिवाद ऐकवून काही उपयोग नव्हता, हेही तितकेच खरे.

१८/ एक पर्याय वाळवंटात उगवत होता. सोनोरा वाळवंटातील होहोबा या झुडपाच्या बियांत तेल नसून द्रवरूप मेण असते, हे १९३० च्या दशकातच ॲरिझोना विद्यापीठात उमगले होते. म्हणजे स्पर्म व्हेलच्या तेलाचा हा सख्खा वनस्पती-भाऊ. बंदीनंतर त्यावर प्रयोगांची रीघ लागली. बिया गोळा करण्याचे काम ॲरिझोनातील अपाची वस्त्यांतून झाले. भारतातही जोधपूरच्या केंद्रीय मरुक्षेत्र संशोधन संस्थेने हे झुडूप १९६५ सालीच आणवले होते. पण बी महाग, झुडूप संथ वाढणारे. गिअरबॉक्सची बाजारपेठ कृत्रिम रसायनांनी काबीज केली आणि होहोबा मुख्यतः साबण, शाम्पू नि क्रीममध्ये स्थिरावला.

१९/ तेल सुधारत गेले, तशी ते बदलण्याची वाट मात्र अरुंद झाली. १९९० च्या दशकात काही कंपन्या गिअरबॉक्समध्ये ‘आयुष्यभराचे तेल’ भरल्याचे सांगू लागल्या. डिपस्टिक गेली, नळी गेली. पातळी पाहण्यासाठी आता गाडी सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान ठरावीक अंशांत असतानाच एक बोल्ट उघडावा लागतो.

२०/ आयुष्य कोणाचे, हा प्रश्न या घोषणेत अनुत्तरित राहिला. गाडीचे, की हमीच्या मुदतीचे? खुद्द गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ सुमारे ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते. तेच गिअरबॉक्स वापरणाऱ्या गाड्यांच्या पुस्तिकांत मात्र कित्येकदा या कामाचा उल्लेखही नसे.

२१/ आपल्याकडे हा सारा इतिहास उशिरा पोहोचला. अॅम्बेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी पद्मिनी, दोन्ही क्लच दाबून चालवायच्या गाड्या. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्तातील ‘एएमटी’ आली आणि क्लचविना गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पण तिचा गिअरबॉक्स मुळात साधाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. त्या गिअरबॉक्सला साधे गिअर ऑइल लागते, सीव्हीटीला तिचे स्वतंत्र तेल, आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला कंपनीने नेमून दिलेल्या मानकाचे. कोणत्या गाडीत कोणते तेल, हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानांतील एका लहानशा तक्त्यात छापलेले असते.