नुसती भाकरी

आमच्या भालकी-बसवकल्याणच्या भागात ज्वारीला उंबरठ्यागणिक वेगळे नाव आहे. मराठी घरात ज्वारी, कानडी शेजाऱ्याकडे जोळ, हैदराबादेहून येणाऱ्या व्यापाऱ्याच्या तोंडी जवार, तेलुगू मजुराच्या बोलीत जोन्ना. नावे चार, भाकरी एक. या भाकरीचा आम्हांला भारी अभिमान. म्हणूनच पुढची हकीकत लिहायला मला इतकी वर्षे लागली.

१९६५ चा उन्हाळा. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या सालगड्याच्या गळ्याभोवती काळपट पट्टा उमटला. हातांच्या पाठी मनगटापर्यंत काळ्या पडल्या आणि त्यांची सालपटे निघू लागली. जीभ लालभडक. जुलाब थांबेनात. मग झोप उडाली आणि रात्र रात्र तो गोठ्याशी बसून स्वतःशीच पुटपुटू लागला. कोणी उष्णता म्हणाले, कोणी भानामती. आजीने लिंबू उतरवून टाकले. शेवटी तात्यांनी त्याला हैदराबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी गळा पाहिला आणि दखनीत विचारले, "खाते क्या?"

"भाकरी."

"और?"

"मिर्ची, नमक."

"और?"

तो गप्प झाला. तात्याही गप्प झाले. ही गोष्ट ते पुढे अनेकदा सांगत आणि दर वेळी इथेच थांबत.

रोगाचे नाव पेलाग्रा. पुढे पुस्तके चाळताना कळले, की आमच्या गड्याच्या गळ्यातला तो पट्टा सव्वादोनशे वर्षांहून जुना होता. स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातल्या गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये गरीब शेतकऱ्यांत तो पाहिला, आणि आजही वैद्यकात त्याला 'कासालचा गळपट्टा' म्हणतात. १७७१ मध्ये फ्रापोल्ली या इटालियन वैद्याने पेलाग्रा हे लोकांच्या तोंडचे नाव ग्रंथात आणले. अर्थ इतकाच, खरखरीत कातडी. दोन्हीकडचे रोगी मक्यावर जगणारे. मका अमेरिकेतून आलेला. तिकडे मेक्सिकोच्या बायका पिढ्यानुपिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच वाटत, आणि त्यांना हा रोग फारसा माहीत नव्हता. युरोपने दाणा नेला, चुना तिथेच ठेवला. परक्याचे धान्य उचलताना त्याच्या बाईमाणसांची अक्कलही उचलावी, हे विद्वानांना सुचत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूसपट्ट्यात पेलाग्राने थैमान घातले. बहुतेक डॉक्टर त्याला संसर्गजन्य समजत. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवले. अनाथालये आणि वेड्यांची इस्पितळे हिंडताना त्यांच्या नजरेत एक साधी गोष्ट भरली. आतल्या पोरांना, रोग्यांना पेलाग्रा होतो. त्याच छपराखाली वावरणाऱ्या नोकरांना होत नाही. संसर्ग असता, तर त्याने माणसाचा हुद्दा विचारला असता का? फरक होता तो ताटात. मिसिसिपीतल्या अनाथालयांत त्यांनी दूध, अंडी, मांस, शेंगवर्गीय धान्ये सुरू केली आणि रोग हटला. उलट १९१५ मध्ये तिथल्याच एका तुरुंगात माफीच्या बोलीवर तयार झालेल्या कैद्यांना मक्यासारखे निकस अन्न देऊन पाहिले. अकरांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. तरी टीकाकार ऐकेनात. तेव्हा गोल्डबर्गर यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले, त्यांच्या मळाच्या गोळ्या गिळल्या. पत्नीही त्या प्रयोगात उतरल्या. कोणालाही काही झाले नाही. पुढे कापूसगिरण्यांच्या गावांत घरोघर जाऊन त्यांनी दाखवले, की मिळकत जितकी कमी तितका पेलाग्रा जास्त. हे मात्र दक्षिणेतल्या प्रतिष्ठितांना रोगापेक्षाही झोंबले.

नेमके कमी काय पडते, ते गोल्डबर्गर यांना पाहायला मिळाले नाही. ते १९२९ मध्ये वारले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनच्या कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी ते शोधले: नायसिन, 'ब' जीवनसत्त्वांपैकी एक. मोठ्या माणसाला दिवसाला पंधराएक मिलिग्रॅम पुरते. चिमूटभरही नाही. शरीर ते थोडेफार स्वतःही करते, प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून. पण साठ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन खर्चावे तेव्हा एक मिलिग्रॅम नायसिन हाती येते. मक्यात ट्रिप्टोफॅन तुटपुंजे, आणि जे नायसिन असते तेही बांधलेले. चुना ते मोकळे करतो.

पण आमचा गडी मका खात नव्हता. दख्खनच्या पठारावर पेलाग्रा ज्वारी खाणाऱ्यांत दिसे, आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते. हे कोडे हाती घेतले ते हैदराबादेतच. कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ मध्ये तिथे आली. १९६९ पासून तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. तिथले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले, की ज्वारीत ल्यूसीन हे अमिनो आम्ल फार असते आणि ते शरीरातल्या नायसिनच्या व्यवहारात अडथळा आणते. पुढे यावर देशोदेशी वाद झाले, सगळ्यांना ते पटले नाही. मला त्यात एवढेच मोलाचे वाटते, की कोणीतरी आमच्या भाकरीकडे निरखून पाहिले.

कारण खरे कोडे आमच्या घरातच होते. ज्वारी एकाच कणगीतली, पीठ एकाच जात्याचे, भाकऱ्या एकाच तव्यावरच्या. मग गळपट्टा त्याच्याच गळ्यात का? आमच्या ताटात भाकरीशेजारी तुरीचे वरण असे, दही असे, शेंगदाण्याची चटणी असे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत बारा मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन असते. तो शेंगा उपटायचा, झोडायचा, पोती भरून गाडीत टाकायचा. त्याच्या फडक्यात चार भाकऱ्या आणि ठेचा बांधून मिळे. आजी कंजूष नव्हती. भाकऱ्या तिने कधी मोजून दिल्या नाहीत.

आज हा रोग आमच्याकडे क्वचितच दिसतो. शेजारच्या आंध्रात १९८३ मध्ये दोन रुपये किलोचा तांदूळ आला, पुढे आमच्याकडेही रेशनचा भात ताटात आला. ज्वारी मागे पडली, आणि भाकरीशेजारी इतर जिन्नस आले. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, तेव्हा ज्वारी पुन्हा मानाला चढली. त्या वर्षी एका समारंभात मला भाकरीच्या गुणांवर बोलायला बोलावले होते. मी बोललो. गड्याचे सांगितले नाही.

तो महिनाभरात बरा होऊन आला. पांढऱ्या गोळ्यांची पुडी आणि डॉक्टरांचा निरोप घेऊन. त्या दिवसापासून आजी त्याच्या फडक्यात मूठभर दाणे बांधू लागली, दुपारी वाटीभर डाळ आणि तांब्याभर ताक देऊ लागली. पुढच्या पाडव्याला त्याचे साल संपले आणि तो गावाकडे गेला. त्याच्या जागी दुसरा आला. त्याच्या फडक्यात दाणे असत की नाही, ते मला आठवत नाही, आणि आजी होती तोवर मी तिला विचारले नाही.