बेघरांचे गाणे : मुंबईतील झोपडपट्टी निष्कासन आणि शाहिरीतील प्रयोगशीलता

प्रस्तावना

झोपडी पाडली जाते तेव्हा शासकीय दप्तरात तिची नोंद होते. नोटीस, पंचनामा, हटविलेल्या बांधकामांची संख्या आणि खाली अधिकाऱ्याची सही, असा त्या नोंदीचा साचा असतो. ज्याचे घर पडले त्याने त्या दिवशी काय अनुभवले, यासाठी या साच्यात रकाना नसतो. ही उणीव इतिहासाच्या अभ्यासकाने कोणत्या साधनाने भरून काढावी, या प्रश्नाच्या अनुषंगाने मुंबईतील निवाऱ्याच्या लढ्याशी निगडित गीतांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रयोगशील संगीत म्हटले की विद्युत वाद्ये व ध्वनिमुद्रणाची तंत्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात. लॉस एंजेलिस येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘अल्ट्रा-रेड’ या गटाने तेथील सार्वजनिक गृहवसाहतीच्या पाडकामाविरुद्धचे आवाज मुद्रित करून त्यांतून संगीतरचना केल्या. महाराष्ट्रात हेच कार्य निराळ्या मार्गाने घडले. येथे नवे यंत्र आले नाही. जुन्या लोकप्रकाराचा आशय, भाषा व श्रोता बदलला.

लावणीतील शहर

या परंपरेचा आरंभ अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्यापाशी शोधावा लागतो. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशातील गणात गणेशवंदनेच्या जागी मायभूमीचे व शिवरायांचे स्मरण आणणे, गौळण वगळणे, वगामध्ये कामगारांचा प्रश्न मांडणे, हे बदल केवळ तांत्रिक नव्हते. पठ्ठे बापूरावांच्या लावणीतील मुंबई वैभवाची होती. अण्णा भाऊंच्या ‘मुंबईची लावणी’त त्या वैभवाशेजारची दैना उभी राहिली. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहणाऱ्या शाहिराने शृंगारासाठी प्रसिद्ध असलेला प्रकार नगरवर्णनासाठी वापरला. मात्र या टप्प्यावर गीताचा विषय शहरातील विषमता हा होता. प्रत्यक्ष निष्कासन अद्याप केंद्रस्थानी आले नव्हते.

१९८१ : पदपथ आणि न्यायालय

जुलै १९८१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचा निर्णय जाहीर केला. ऐन पावसाळ्यात कारवाई सुरू झाली. त्याविरुद्ध दाखल झालेल्या याचिकांतून ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. तथापि पदपथावर वास्तव्य करण्याचा हक्क मान्य केला नाही. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत झोपड्या पाडू नयेत, एवढा दिलासा मिळाला. तत्त्व जिंकले, छप्पर मात्र गेले.

चित्रपटातील शाहीर

याच वर्षी आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट पूर्ण झाला. त्यात एकीकडे अधिकारी व सुखवस्तू नागरिक शहराच्या स्वच्छतेविषयी बोलतात, तर दुसरीकडे बेघर झालेली माणसे आपली कैफियत सांगतात. या दोन आवाजांत आव्हान नाट्य मंचाचे शाहीर विलास घोगरे यांचे गाणे येते. घोगरे मराठी शाहिरीच्या परंपरेतील. परंतु हे गाणे हिंदीत आहे. ही निवड अर्थपूर्ण आहे. मुंबईच्या पदपथावर तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांची माणसे शेजारी होती. त्या सर्वांपर्यंत पोहोचणे हा या गाण्याचा हेतू दिसतो. कोणाला ऐकविण्यासाठी रचले, हेही गीतातून कळते. पंचनाम्यातून ते कळत नाही.

पुढे या कथेला दुःखद वळण लागले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर चार दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटात या घटनांचा व आंबेडकरी गीतपरंपरेचा दीर्घकाळ मागोवा घेतला. वस्तीची व्यथा नोंदविणारा गायक स्वतःच नोंदीचा विषय झाला.

साधन म्हणून मूल्य व मर्यादा

गीताला साधन मानताना सावधगिरी आवश्यक आहे. गीत तारीख सांगत नाही, आकडे देत नाही. ते पक्ष घेते. परंतु शासकीय नोंदही पक्षविरहित नसते. ‘अतिक्रमण’ हा शब्द लिहिला जातो तेव्हाच निम्मा निवाडा झालेला असतो. म्हणून निकालपत्र, दप्तर व गीत यांचे परस्परांच्या प्रकाशात वाचन करणे हाच योग्य मार्ग होय. दुसरी अडचण टिकावाची आहे. घोगरे यांचे गाणे आज ऐकता येते ते चित्रफितीमुळे. सभेत, मोर्चात गायिली गेलेली असंख्य गाणी गायकाबरोबरच लुप्त झाली असणार.

निष्कर्ष

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. वऱ्हाडातूनही रोजगारासाठी माणसे महानगरांत जातात आणि आपल्या तालुक्याच्या गावांतही ‘अतिक्रमण हटाव’ मोहिमा होतात. ज्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा देणे हे कर्तव्य सांगितले आहे, ते संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) याच अमरावती जिल्ह्यातील. त्यांनी कीर्तनाचा रूढ साचा मोडून श्रोत्यांनाच प्रश्न विचारले. लोकप्रकार वाकवून त्यातून जाब विचारण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. परिसरातील अशी गाणी, ती गाणाऱ्यांच्या संमतीने व गाण्याच्या प्रसंगाच्या तपशिलासह ध्वनिमुद्रित करून जतन करणे हे महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांना सहज शक्य आहे. तसे न झाल्यास उद्याच्या अभ्यासकाच्या हाती केवळ पंचनामे उरतील आणि पाडलेल्या घरांचा इतिहास पाडणाऱ्यांच्याच शब्दांत लिहिला जाईल.