तहानेल्यास पाणी

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या शुभप्रसंगीं मागील वर्षांचा हिशेब मांडणें हें आम्हां सर्वांचें कर्तव्य आहे. बाप्तिस्मा, दृढीकरण व विवाह यांच्या नोंदी वह्यांत आहेत. वेदी, घंटा व भिंती डोळ्यांसमोर आहेत. परंतु आमची श्रद्धा किती आचरणांत उतरली, याची वही कोणत्या कपाटांत सांपडेल? हा प्रश्न घेऊन आम्ही वाचकांस प्रथम शहागंजच्या चौकांत नेऊं इच्छितों.

तेथील घड्याळाचा मनोरा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याहून जुनी आहे ती तेथील हौदाची हकीकत. सय्यद हुसेन अली खान हे 1715 ते 1719 या काळांत दख्खनचे सुभेदार होते. दिल्लीच्या तख्तावर बादशहा बसविणाऱ्या व उठविणाऱ्या सय्यद बंधूंपैकीं हे धाकटे. 1719 सालीं फर्रुखसियर यास पदच्युत करण्यांत यांचा हात होता, आणि पुढच्याच वर्षीं यांचाही खून झाला. इतिहासकार खाफी खान मात्र या सुभेदारांविषयीं लिहितांना एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. इवज खानानें शहागंजची मशीद व इमारती पुढें वाढविल्या असल्या, तरी तेथील विस्तीर्ण हौदाचे मूळ कर्ते हुसेन अली खानच होत. आणि उन्हाळ्यांत पाण्याचें दुर्भिक्ष पडे, तेव्हां त्या हौदानें नगरवासीयांचे हाल कमी होत. राजकारणाचें वादळ शमलें. पाणी पाजल्याची आठवण राहिली.

हे सुभेदार आमच्या धर्माचे नव्हते, व त्यांचें सर्व चरित्र अनुकरणीय आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं. तथापि संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायांत शेवटच्या न्यायाचें जें चित्र आहे, त्यांत राजा कोणास प्रश्नोत्तरावली म्हणावयास सांगत नाहीं. भुकेला, तहानेला, उघडा, आजारी, परका व बंदिवान यांच्याशीं तुम्ही कसे वागलां, एवढेंच तो पाहतो. दर रविवारीं आम्ही विश्वासांगीकार म्हणतों, तें योग्यच आहे. परंतु मंदिराची पायरी उतरल्यावर तो हातांत दिसला नाहीं, तर संत याकोबाच्या पत्रांतील कसोटीस आम्ही कसे उतरणार?

या कसोटीस उतरलेलें एक उदाहरण गोदावरीपलीकडे, शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत घडलें आहे. स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर 1948 सालीं भारतांत आले व या अवर्षणग्रस्त मुलुखांतच त्यांचें आयुष्य खर्चीं पडलें. 1972 च्या दुष्काळांत साऱ्या महाराष्ट्रानें खडी फोडणारे हात पाहिले. भुकेल्यास त्या दिवशीं अन्न देणें अवश्यच होतें. पण दुष्काळ पुन्हा येणार व हात पुन्हा पसरावे लागणार, हें दुःख तेवढ्यानें मिटणारें नव्हतें. पावसाचें पाणी शिवारांतच मुरविलें पाहिजे, या विचारानें फादरांच्या प्रयत्नांतून 1989 सालीं जर्मनीच्या साहाय्याचा पाणलोट विकास कार्यक्रम आकारास आला. 1993 सालीं क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनीं वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापिली.

कामाची रीत साधी, पण कष्टाची होती. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमानें यावयाचें. उतारावर समतल चर खणावयाचे, झाडें लावावयाचीं, शेतांस बांध घालावयाचे व शेवटीं ओढा अडवावयाचा. गांवानें आधीं श्रमदान करून आपली तयारी दाखवावी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, असा दंडक होता. यांतील चराईबंदी सोपी नव्हे. ज्यास जमीन नाहीं, ज्याचा संसार चार शेळ्यांवर चालतो, त्यास हा घाव प्रथम बसतो. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडी येथें शेळ्यामेंढ्या पाळणारांनीं अशीच हरकत घेतली, तेव्हां त्यांचें म्हणणें ऐकून डोंगर एकदम न मिटतां टप्प्याटप्प्यानें बंद करण्यांत आला. दुबळ्याचें गाऱ्हाणें ऐकून काम थांबविणें, हाही धर्माचाच भाग आहे असें आम्हांस वाटतें.

गांवकऱ्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या कामाच्या आड आला नाहीं. चरांत मुरलेलें पाणी सर्वांच्याच विहिरींस लागलें. फादर बाखर 2021 सालीं प्रभुचरणीं लीन झाले.

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या या नगरानेंही किती उन्हाळे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून काढले आहेत! महोत्सवाच्या दिवशीं दिवे लागतील, मिरवणूक निघेल, गोड जेवण होईल. त्याबरोबरच वैशाखांत आपल्या दाराशीं एक रांजण भरलेला असावा, छपराचें पाणी जमिनींत मुरावें, आणि शेजारच्या गल्लींतील म्हाताऱ्या बाईचा हंडा कोणीतरी आपण होऊन उचलावा, एवढा संकल्प आम्ही सोडूं या. पुढील महोत्सवाच्या वेळीं हिशेब मांडणारास ही वही कपाटांत शोधावी लागणार नाहीं. शेजारीच ती वाचून दाखवितील.