तबकडीवर उतरलेली प्रार्थना

इ. स. १९०२ च्या एप्रिल महिन्यात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग आपल्या सहकाऱ्यांसह रोमला गेले आणि सिस्टाईन चॅपेलच्या गायकवृंदातील अलेस्सांद्रो मोरेस्की यांचा आवाज त्यांनी तबकडीवर उतरविला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गायस्बर्ग यांनी कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. या दोन घटनांत एक विलक्षण विरोध आहे. मोरेस्की हे पुरुष. परंतु उंच पट्टीतला कोवळा आवाज वयात आल्यावरही टिकावा म्हणून बालपणीच शस्त्रक्रिया केलेल्या गायकांच्या परंपरेतील ते अखेरचे. देवालयात उंच सूर हवा होता, पण तो स्त्रीच्या कंठातून येणे मान्य नव्हते. त्यासाठी शतकानुशतके मुलांना ही किंमत मोजावी लागली.

पुढच्याच वर्षी, २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयीचे आपले प्रसिद्ध आज्ञापत्र काढले. ग्रेगोरियन गायनाला त्यांनी पुन्हा मानाचे स्थान दिले, हे त्यांचे मोठे कार्य. तथापि गायकवृंदात स्त्रियांना प्रवेश नाही, उंच सुरांसाठी मुलगे घ्यावेत, हा नियमही त्यात होता. सिसिलियेच्या सणाला सिसिलियेच्या लेकींना दार बंद झाले! ते किलकिले झाले १९५५ साली, पोप बारावे पायस यांच्या विश्वपत्राने. आणि १९६३ च्या उपासनाविषयक घटनेने व्हॅटिकन विश्वपरिषदेने सर्व श्रद्धावंतांच्या सहभागाचा मार्ग प्रशस्त केला.

हा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे पॅट्रिशिया रोझारिओ या गायिकेच्या ध्वनिमुद्रिकांचे मोल आमच्या लक्षात येते. मूळ गोव्याच्या कॅथलिक कुटुंबात, १९६० साली, मुंबईत त्यांचा जन्म झाला. ज्या चर्चने स्त्रीचा कंठ इतका काळ गायकवृंदाबाहेर ठेवला, त्याच चर्चच्या लेकीने पुढे आपला कंठ भक्तिसंगीताला वाहिला.

सोप्रानो म्हणजे पाश्चात्त्य संगीतातील स्त्रीकंठाची सर्वांत उंच पट्टी. ऑपेरा म्हणजे काय, हे मराठी माणसाला फार समजावून सांगावे लागू नये. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हापासून गाण्यातून कथा ऐकण्याची आपल्याला सवय आहे. फरक इतकाच, की ऑपेरात संवादही बहुधा गायले जातात आणि पन्नास-साठ वाद्यांच्या मेळावरून गायिकेचा सूर ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो. त्यासाठी श्वासावर ताबा लागतो आणि वर्षानुवर्षांची मेहनत लागते.

असा कंठ मुंबईत उपजला, यात आश्चर्य नाही. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना शतकानुशतके स्वरलेखन, गायन व व्हायोलिन शिकविले जाई. त्या शाळांतून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. रोझारिओ याच संस्कारांच्या वारसदार. लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि युरोपच्या रंगमंचावर त्या स्थिरावल्या. जॉन कॅस्केन यांच्या 'गोलेम' या ऑपेरात १९८९ साली त्यांनी मिरियमची भूमिका केली. तिचे ध्वनिमुद्रणही झाले.

परंतु त्यांच्या कारकिर्दीला खरी दिशा दिली ती इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी. १९७७ साली ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आलेल्या या संगीतकाराला हवा असलेला प्रार्थनामय आवाज रोझारिओंच्या ठायी सापडला. तीसहून अधिक रचना त्यांनी या एका कंठासाठी केल्या. त्यांतील 'इजिप्तची मरिया' ही संगीतिका १९९२ साली ऑल्डबर्ग महोत्सवात सादर झाली. देहविक्रय सोडून वाळवंटात प्रायश्चित्त करणारी मरिया आणि तिच्यापाशी नम्रता शिकणारा संन्यासी झोसिमा यांची ही कथा. तिची संहिता मदर थेक्ला या जोगिणीने लिहिली. मरियेची भूमिका रोझारिओंनी गायिली. पतितेचे संत होणे त्यांनी टाळ्या मिळविणाऱ्या तानांनी दाखविलेले नाही. खालच्या, जवळजवळ कुजबुजणाऱ्या सुरापासून निर्मळ उंच सुरापर्यंतच्या प्रवासातून ते ऐकू येते.

१९९७ च्या सप्टेंबरचा पहिला आठवडा आपल्या अनेक कुटुंबांना आठवत असेल. ५ तारखेला मदर तेरेसा निवर्तल्या आणि ६ तारखेला लंडनमध्ये राजकन्या डायानाचा अंत्यविधी झाला. त्या विधीच्या शेवटी शवपेटिका बाहेर नेताना जे समूहगान झाले, ते टॅव्हनर यांचेच. पुढे डायानाच्या स्मरणार्थ त्यांनी विल्यम ब्लेक या कवीच्या शब्दांवर 'इटर्निटीज सनराइज' ही रचना केली. १९९८ साली ती रोझारिओंनी गायिली व पुढे तिची तबकडीही निघाली. एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट यांनी तहानलेल्या हरिणीच्या स्तोत्राला, म्हणजे ४२ व्या स्तोत्राला, स्पॅनिश शब्दांत चाल दिली; तिचे पहिले गायनही रोझारिओंचेच.

आमच्या वाचकांना सर्वांत जवळची वाटेल ती मात्र हायडनच्या 'स्ताबात मातेर'ची मुद्रिका. १७६७ सालच्या या रचनेचे ध्वनिमुद्रण ट्रेव्हर पिनॉक यांच्या संचालनाखाली झाले आणि त्यात रोझारिओ एक एकलगायिका आहेत. प्रायश्चित्तकाळात क्रुसाची वाट करताना एका स्थानापासून दुसऱ्या स्थानाकडे जाताना क्रुसाखाली उभ्या असलेल्या शोकाकुल मातेचे जे गीत गाण्याची प्रथा आहे, त्याचेच हे मूळ लॅटिन स्तोत्र. ज्याला लॅटिनचा एक शब्दही कळत नाही, त्यालाही हे दुःख कोणाचे आहे ते ऐकताच कळेल.

तबकडी सर्व काही सांभाळते असे मात्र नाही. २००३ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये टॅव्हनर यांची 'व्हेल ऑफ द टेंपल' ही जागरणरचना झाली. रोझारिओ तीत गायिल्या. रात्रभर चालणारे भजन आपल्याला नवे नाही. ही रचनाही सुमारे सात तासांची. तबकडीवर मात्र तिचा संक्षेपच आला. 'इजिप्तची मरिया'ची मुद्रिका काढणारी कंपनी पुढे बंद पडली. २०१३ साली टॅव्हनर यांचे निधन झाले. छापलेले स्वर उरतात. पण ज्या कंठासाठी ते लिहिले गेले तो कसा होता, हे सांगायला या मुद्रिकांवाचून दुसरा साक्षीदार नाही. रोझारिओंनी हे ओळखले असावे. २००९ साली पती मार्क ट्रूप यांच्यासह त्यांनी 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' हा उपक्रम सुरू केला आणि भारतातील तरुण कंठांना शिक्षण देण्यास आरंभ केला. मुद्रिका आवाज जपते, पण विद्या जपायला शिष्यच लागतो.

आता आपल्या दाराशी पाहू. दौंड हे रेल्वेचे जंक्शन, घोडनदीकाठचे शिरूर ही एके काळची छावणी. या दोन्ही गावांत माणसे नोकरीसाठी ठिकठिकाणांहून आली आणि येताना आपापल्या माहेरची, मिशनची गाणी घेऊन आली. पवित्र सप्ताहातील विलापगीते, नाताळची भजने, मयताच्या घरी रात्रभर म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनांच्या चाली यांतील कितीतरी कोणत्याही पुस्तकात नाहीत. त्या आजीच्या कंठात आहेत, आणि त्या कंठासाठी कोणी गायस्बर्ग येणार नाही.

आज गायस्बर्ग येण्याची गरजही नाही. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घराघरांत मोबाईलच्या रूपाने आहे. आम्ही एवढेच सुचवितो, की प्रत्येक कुटुंबाने घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचे एक तरी भक्तिगीत मुद्रित करावे. गाणाऱ्या व्यक्तीचे नाव, गाव, तारीख आणि ते गीत तिला कोणी शिकविले, ही माहिती तिच्याच आवाजात आरंभी नोंदवावी व त्याची एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवावी. मग घरातल्या एखाद्या मुलीला ते गीत तिच्याकडूनच शिकू द्यावे. रोझारिओंची मुद्रिका ऐकून ज्याचे मन भरून आले, त्याने ती ऋणफेड आपल्याच घरात करावी. स्त्रीच्या प्रार्थनेचा सूर ऐकायला चर्चला फार उशीर लागला. तो जपायला आपण उशीर करू नये.