डाग, कठीण पाण्याचे (वाहनांवरील)

गाडी धुतल्यावर पत्र्यावर, काचांवर व आरशांवर राहिलेले थेंब सुकून उमटणारे पांढरट, बहुधा गोल ठसे. बोलण्यात यांना ‘क्षाराचे डाग’ म्हणतात. ज्या पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही, त्या जड किंवा दुष्फेन पाण्याने ते पडतात.

कारण : जमिनीतून आलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. थेंब आटला की पाणी उडून जाते आणि क्षार जागीच राहतात. कॅल्शियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पाण्यात जवळजवळ न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. म्हणून हा डाग नुसत्या पाण्याने पुन्हा धुऊन जात नाही. थेंबाच्या कडेला बाष्पीभवन वेगाने होते, आतले पाणी तिकडे ओढले जाते आणि क्षारही तिथेच साचतात. डाग मध्ये फिकट आणि कडेला दाट दिसतो तो यामुळे.

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. अशा ६०० च्या पाण्यातले अर्धा लिटर गाडीवर सुकू दिले, तर ३०० मिलिग्रॅम क्षार तिच्यावर पसरतात. गडद रंगावर ते लगेच उठून दिसतात; पांढरी गाडी बराच काळ झाकून नेते.

आढळ : मुंबईचे तलावांचे आणि पुण्याचे खडकवासल्याचे पाणी बरेच हलके असते. तक्रार असते ती प्रामुख्याने बोअरवर व टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत. दख्खनच्या काळ्या पाषाणातील खनिजे झिजून भूजलात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरतात. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात भूजल मुळातच खारे असल्याने तिथे बोअरच्या पाण्याने गाडी चकचकीत ठेवणे अवघडच.

प्रतिबंध : डाग पडतो तो पाणी सुकताना. त्यामुळे खरे महत्त्व शेवटच्या पाण्याला आणि पुसण्याच्या घाईला आहे. महागडा शाम्पू त्यापुढे दुय्यम ठरतो. गाडी सावलीत, बॉनेट हाताला गार लागत असताना धुवावी. टपापासून खाली यावे आणि एकेक भाग धुऊन लगेच विसळावा. शेवटी नळीचे फवारा-तोंड काढून पाणी वरून संथ सोडावे. फवाऱ्याने हजार थेंब उडतात. संथ धार मात्र पसरून, आधीचे थेंब सोबत घेऊन खाली उतरते. मग मायक्रोफायबरचे मोठे कापड पत्र्यावर पसरून हलकेच ओढावे. आरशांच्या खाचा, दरवाजांच्या मुठी, नंबरप्लेटची मागची बाजू आणि पेट्रोलच्या झाकणाची कड इथे पाणी दडून राहते. गाडी पुसून झाल्यावर ते ओघळते आणि कोरड्या पत्र्यावर लांब रेघ सोडते, म्हणून या जागा दुसऱ्यांदा टिपाव्यात.

शेवटच्या विसळीसाठी बादलीभर हलके पाणी मिळाले तरी पुष्कळ. गच्चीवरून साठवलेले पावसाचे पाणी (पहिल्या पावसाचे, धुळीचे, सोडून द्यावे) किंवा एसीतून ठिबकणारे, कापडातून गाळलेले पाणी या कामाला उत्तम. दोन्हींत क्षार नगण्य असतात. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी गाडीसाठी वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. बचत म्हणून तो स्तुत्य आहे, पण ते पाणी मूळ नळापेक्षाही क्षारयुक्त असते. त्याने चिखल काढावा, विसळू मात्र नये. घरगुती सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम आणतो. एकूण क्षार कमी होत नाहीत, मात्र उरलेला थर पाण्याने सहज निघतो.

मेण किंवा सिरॅमिक कोटिंग केले की डाग पडत नाहीत, हा गैरसमज आहे. अशा पृष्ठभागावर पाण्याचे टपोरे मणी उभे राहतात; ते उन्हात सुकले तर क्षार थोड्या जागेत एकवटून ठसे उलट अधिक ठसठशीत उमटतात. कोटिंगचा उपयोग एवढाच, की पाणी लवकर ओघळते आणि पुसणे सोपे जाते.

निवारण : ताजा डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून, ओल्या कापडाने दोन-तीन मिनिटे धरल्यास विरघळतो, नंतर ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. त्यावरचे मेणही यात जाते, ते पुन्हा लावावे. कोरडा डाग नखाने किंवा भांडी घासायच्या घासणीने खरवडल्यास रंगावर ओरखडे येतात. सिलिका असलेला थर व्हिनेगरला दाद देत नाही. डाग महिनोन्‌महिने उन्हात तापत राहिला तर रंगावरच्या पारदर्शक थरात खड्डा पडतो आणि तो पॉलिशनेच, तेही काही प्रमाणातच, निघतो. न्हाणीघराच्या फरश्या धुण्याचे अ‍ॅसिड वापरून पाहणाऱ्यांच्या गाड्यांचे क्रोम काळवंडलेले आणि अ‍ॅलॉय चाके पांढुरकी पडलेली दिसतात.